मखर आणि मागचा जिना

बिबवेवाडी
८ नोव्हेंबर २०२५

आनंदी,

तुला फोन करायचा म्हणजे नुसतं "काय? काय म्हणालीस? मोठ्यानं बोल जरा." शेजारच्या बिऱ्हाडाला माझ्या घरातली इत्थंभूत माहिती झाली आणि तुला काही नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या कानांनी संप केला तर करू देत, डोळे अजून कामावर येतात ना?

तू लेकीकडे हडपसरला गेलीस आणि जाताना तुझा सुरक्षेचा तास माझ्या गळ्यात बांधून गेलीस. "दर शनिवारी एक तास, काही विशेष नाही गं, झेब्रा क्रॉसिंग आणि गॅसचा नॉब!" खोटारडी. तुझी ती सहावीतली पोरं मला सोलून काढतात. परवा एकानं विचारलं, "बाई, माणसाचा सिग्नल हिरवा झाला तरी बस थांबत नाही, मग आपण सिग्नल बघायचा की बस?" दुसरी म्हणाली, "आग लागल्यास लिफ्ट वापरू नये अशी आपल्या शाळेत पाटी आहे, पण आपल्याला लिफ्टच नाही. पाटी कुणासाठी?" मी पाटीकडे बघितलं. इतकी वर्षं तिच्याखालून ये-जा केली, मला हे कधी सुचलं नाही!

खरं सांगू? शनिवारी घसा बसतो आणि रविवारपासून मी पुढच्या शनिवारची वाट बघते. जन्मभर विज्ञान शिकवलं, पोरांनी उत्तरं घोकली आणि पेपर झाल्यावर विसरली. या तासाला कुणी काही घोकत नाही. निवृत्ती तोंडावर आल्यावर मला शिक्षक झाल्यासारखं वाटायला लागलंय. हसू नकोस.

आता मुद्द्याचं. आज फळ्यावर शाळेचा नकाशा काढला. पुढचा जिना, मागचा जिना. स्वराली उठली. तुला ती आठवणार नाही, गेल्या वर्षी धाराशिवकडून आलीय, वडील उत्तरेश्वर मार्केट यार्डात हमाली करतात. म्हणाली, "बाई, मागचा जिना कुठं उतरतो?" म्हटलं, मैदानात. "तुम्ही उतरलाय?"

नव्हते उतरले. मग काय, सगळी वरात तिसऱ्या मजल्याच्या मागच्या दाराशी. दार ढकललं तर चार बोटं उघडलं आणि अडलं. आत गणपती मंडळाचं मखर, थर्माकोलचे खांब, बांबू, पडदे, पार छतापर्यंत. पियुष एकदम खूश, "हे आमच्या मंडळाचं! खांब माझ्या बद्रीकाकानं रंगवलेत!" आणि स्वराली शांतपणे, "मग आपण कुठनं जायचं?"

कदम सरांना गाठलं. मुख्याध्यापकांचं उत्तर ऐक, "बाई, ते बाप्पाचं सामान आहे. त्याला का हात लावायचा? आणि मंडळानं आपल्याला बाकं दिली आहेत." पोरं मागे उभी राहून ऐकत होती. मला लाज वाटली.

तुझे श्यामराव संस्थेचे चिटणीस, त्यांना हे ठाऊक असेल का? त्यांना अजून विचारू नकोस. तुला काय वाटतं तेवढं लिही.

तुझी,
नीरजा


हडपसर
१५ नोव्हेंबर २०२५

नीरजाबाई महाराज,

पत्र वाचून इतकी हसले की जावई खोलीतून बाहेर आला, म्हणाला, आई, बरं वाटतंय ना? इथे बाराव्या मजल्यावर मला हसायला कुणी नाही गं. सगळे कानात काहीतरी घालून बसलेले. बहिरी मी एकटीच का ठरले ते देव जाणे.

मागच्या जिन्याचं वाचून मात्र हसणं थांबलं. तो तास मी सुरू केला तेव्हा मीही नकाशाच काढत होते गं, कुणी विचारलंच नाही उतरलाय का म्हणून. त्या स्वरालीला माझ्यातर्फे खडीसाखर दे. अशा पोरीला गप्प बसवू नका, सांगून ठेवते. तू सोडू नकोस. कदम काय, बाकांवर बसून बसून त्याचं बूड जड झालंय.

यांना काही बोलले नाही. हे दर शनिवारी बैठकीला बिबवेवाडीला येतात, येताना तुझ्या घरावरून जातात, आणि घरी येऊन सांगतात काय, तर वाटेत ट्रॅफिक होता. एवढीच बातमी. तू पुढे काय करणार ते मला सविस्तर लिही. इथे मला दुसरा विरंगुळा नाही. माझ्या पोटातून शब्द बाहेर जाणार नाही, तुला माहीतच आहे.

मेथीचे लाडू पाठवतेय यांच्याबरोबर. गुडघ्यांना बरे.

तुझीच,
आनंदी


बिबवेवाडी
२९ नोव्हेंबर २०२५

आनंदी,

लाडू पोचले. श्यामरावांनी डबा दिला आणि "कसं काय, बरं आहे ना" म्हणून जिना उतरले सुद्धा. तोही आमचा मोकळा जिना.

तर ऐक. १३ डिसेंबरला शाळेचा वर्धापनदिन आहे. अग्निशमन दलाचे एक साहेब पाहुणे म्हणून यायचेत, संस्थेची मंडळी येणार, पालक येणार. कदम सरांनी मला हुकूम केला, तुमच्या सुरक्षेच्या मुलांचं दहा मिनिटांचं काहीतरी बसवा. बरं, बसवते.

पोरांनी स्वतः ठरवलंय. आधी मंचावर दाखवायचं, धूर झाला तर खाली वाकून कसं चालायचं, तोंडावर ओला रुमाल कसा धरायचा. शेवटी स्वराली माइकवर म्हणणार, "आता पाहुण्यांनी आमच्याबरोबर मागच्या जिन्यानं खाली चलावं." बस्स. ना तक्रार, ना भाषण. पाहुणे दाराशी जातील आणि डोळ्यांनी बघतील. साहेबांनी एकदा बघितलं की कदम सरांची काय बिशाद आहे!

पियुषचा जीव खालीवर होत होता, काकाचे खांब ना. स्वरालीनं त्याला समजावलं, "खांब फेकायचे नाहीत, फक्त दुसरीकडं ठेवायचे." मग तो तयार झाला. मुलांनी एकमेकांना शपथा घातल्या, घरी सुद्धा सांगायचं नाही. मलाही घ्यायला लावली. मी घेतली आणि आज तुला लिहितेय, कारण तुला सांगणं म्हणजे मी माझ्याशीच बोलणं. तीस वर्षांत आपल्यात तिसरं कुणी आलं नाही.

थोडी भीती वाटते. माझी नाही, त्या पोरांची. पहिल्यांदाच ती मोठ्या माणसांना काहीतरी विचारायला निघालीत. हे नीट पार पडलं तर जन्मभर विचारतील. फसलं तर पुन्हा तोंड उघडायची नाहीत. माझं सगळं त्यात अडकलंय बघ.

नीरजा


हडपसर
५ डिसेंबर २०२५

प्रिय नीरजा,

पत्र पोचलं. सगळं छान बसवलं आहेस.

जरा जपून कर एवढंच सांगणं. निवृत्ती जवळ आली की माणसानं उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये. तुझ्या पेन्शनचे कागद शेवटी संस्थेच्याच टेबलावरून जायचे आहेत. साहेबांना असं भर कार्यक्रमात दाखवण्यापेक्षा गोडीनं झालं तर बरंच ना? कधीकधी गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

नातीला सर्दी झाली आहे म्हणून जास्त लिहीत नाही. हे तुला नमस्कार सांगतात.

आनंदी


बिबवेवाडी
१६ डिसेंबर २०२५

आनंदी,

वर्धापनदिन झाला. बातमी श्यामरावांकडून कळली असेलच, ते पहिल्या रांगेत बसले होते. तरी माझ्याकडून ऐक.

पोरांनी सुंदर केलं. टाळ्या पडल्या. मग स्वराली माइकपाशी आली. तिचे वडील पाठीमागे उभे होते, यार्डातून तसेच आलेले, डोक्याला टॉवेल. तिनं ठरलेलं वाक्य म्हटलं. आणि त्यावर स्वतःचं एक घातलं, "तो जिना बंद आहे, आम्ही बघितलाय."

सगळे उठले, दाराशी गेले. कदम सरांनी स्वतः दार उघडलं. सताड! आत काही नाही. फिनेलचा वास, पायऱ्यांवर रांगोळी, कठड्याला झेंडूची माळ. माळ, आनंदी! साहेब म्हणाले, "वा, आदर्श शाळा आहे." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, पोरांची कल्पनाशक्ती दांडगी आहे. श्यामरावही हसले. स्वराली माइक हातात धरून तशीच उभी होती, तिला तो खाली ठेवायचं सुचेना. उत्तरेश्वर माझ्याकडं आले, म्हणाले, "बाई, पोरगी खोटं बोलत न्हाय हो. कसं काय झालं हे?"

काल, सोमवारी, प्रार्थनेच्या वेळी कदम सरांनी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेची माफी मागायला लावली. "अफवा पसरवणं हासुद्धा सुरक्षेला धोका आहे." माझ्या तासातलं वाक्य, माझ्याच पोरीच्या डोक्यात घातलं. मी मध्ये बोलले तेव्हा म्हणाले, आपण नंतर केबिनमध्ये बोलू. तिनं माफी मागितली. रडली नाही. पियुष रडला.

आणि आज सकाळी? आपला पोपट शिपाई बांबू खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होता. मला बघून मान खाली घातली, म्हणाला, "बाई, कार्यक्रमापुरतं गच्चीवर ठेवलं होतं. आठवडाभर आधीच सांगितलं होतं वरनं."

आठवडाभर आधी.

मधल्या सुट्टीत स्वराली आली. सरळ विचारलं, "बाई, तुम्ही कुणाला सांगितलंत का? आमच्यापैकी कुणी नाही सांगितलं, मी सगळ्यांना विचारलं." संशय नाही, राग नाही. मीच शिकवलंय ना, शंका आली की थेट विचारा, मनात ठेवू नका. बक्षीस मिळालं मला! म्हटलं, मला दोन दिवस दे. ती "बरं" म्हणून गेली.

आता मी तुला तसंच विचारते. सांगितलंस का? आणि पत्र मोठ्यानं वाचत होतीस, कान काम देत नाहीत, भिंतीपलीकडं ऐकू गेलं, असलं काही लिहू नकोस. तू पत्रं मनातच वाचतेस, मी तीस वर्षं बघितलंय.

नीरजा


हडपसर
२० डिसेंबर २०२५

नीरू,

सांगितलं.

दोन दिवस हाच एक शब्द लिहायला बसत होते. तू म्हणतेस तसली सबब खरंच मनात आली होती, कशी ओळखलीस गं? एवढं ओळखतेस म्हणून तर भीती वाटते तुझी.

तुझं पत्र आलं आणि मला झोप लागेना. डोळ्यांसमोर एकच, भर सभेत संस्थेची नाचक्की होणार, ही सगळी माणसं तुझ्यावर उलटणार, आणि तुझी पेन्शन अडकवून ठेवणार. तुला कोण आहे मागे? मला लेक आहे, तुला ते तीन खोल्यांचं घर. मी यांना म्हटलं, अहो, गाजावाजा न होता तो जिना मोकळा करून टाका ना. मला वाटलं, सामान हललं की झालं. मुलांना हवं तेच होईल, कुणाचा अपमान होणार नाही. हे म्हणाले, "होऊन जाईल. कायमचं हलवतो." मला शब्द दिला गं त्यांनी!

कार्यक्रमाहून आल्यावर यांनी सांगितलं, छान झालं, जिना चकचकीत होता. मी देवापुढे साखर ठेवली. खरं सांगते, तुझं पत्र येईपर्यंत मी खुशीत होते. सामान परत चढवलं हे मला तुझ्याकडून कळलं. जेवताना विचारलं यांना. म्हणाले, "सणापुरतं घर आवरतो तसं आवरलं. मंडळाला दुखवून शाळा चालते का? तुला यातलं कळत नाही." आणि भाजी वाढायला सांगितली. मी वाढली. त्याचाच राग येतोय मला सगळ्यात जास्त.

मुलीचं नाव मी घेतलं नव्हतं. तिला माफी मागायला लावतील असं स्वप्नातही नव्हतं. मला वाटलं मी तुला वाचवतेय. चुकलं. पण वाईट हेतूनं केलं नाही एवढं तरी मान.

तू ये ना एकदा इकडे. की मी येऊ? त्या पोरीला भेटते, तिच्यासमोर कबूल करते. तू सांगशील ते करते.

तुझी,
आनंदी


बिबवेवाडी
२ फेब्रुवारी २०२६

सौ. आनंदीबाई यांस,

आपलं २० डिसेंबरचं पत्र वेळेवर मिळालं. उत्तराला उशीर झाला, तो का ते शेवटी लिहिते.

आपण मला वाचवलंत असं म्हणता. मी वाचवा म्हणून हाक मारली नव्हती. निदान पोरांना तरी विचारायचंत, त्यांना वाचायचं होतं का ते. हेतू चांगला होता हे मानते. कदम सरांचा हेतूही चांगलाच आहे, त्यांना शाळा चालवायची आहे. श्यामरावांचाही आहे. सगळ्यांचे हेतू चांगले आणि पोरीनं माफी मागायची, असा हिशेब झाला. मला त्यांचा राग नाही आला, बरं का. त्यांच्याकडून काही अपेक्षाच नव्हती.

नाताळच्या सुट्टीआधी जादा तास घेऊन मी वर्गात खरं सांगितलं. म्हटलं, मी एका मैत्रिणीला लिहिलं, तिनं घरी सांगितलं. शपथ मी मोडली. मग स्वराली उठली, "बाई, गॅस गळत असला तर पहिल्यांदा काय करायचं?" मी म्हटलं, नॉब बंद करायचा. "कुणाची चूक ते नंतर बघायचं ना?" हो. "मग बाई, आता तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबता का?"

उद्धटपणा नव्हता हो त्यात. मीच शिकवलेलं मला सांगत होती. मी बाहेर गेले. माझ्याच वर्गाबाहेर, पायताणांच्या रांगेशेजारी उभी राहिले आणि दाराआड पोरं कुजबुजत होती. कदम सर समोरून गेले, म्हणाले, "काय बाई, शिक्षा झाली वाटतं?" म्हटलं, हो. तिथं उभं असताना आपली आठवण आली आणि मला रडू फुटलं. पोरांनी बाहेर काढलं म्हणून नव्हे. त्यांचं बरोबर होतं म्हणून.

पुढचं मला कुणीच सांगितलं नाही. अंगारकीनंतर पोपटनं सांगितलं तेव्हा कळलं.

त्या दिवशी मंडळाच्या गणपतीपुढे आरतीला अख्खी पेठ लोटावी तशी गर्दी होती म्हणे. ही पोरंही गेली, आंघोळ करून, केस विंचरून. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, पियुषचे बद्रीनाथकाका मोदक वाटायला उभे राहिले. स्वरालीचा हात पुढे आला. तिनं मोदक घेतला आणि विचारलं, "काका, शाळेत आग लागली तर आधी मखर बाहेर काढायचं की आम्ही बाहेर पडायचं? जिन्यात दोघांना एकदम जागा नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवू."

बद्रीनाथ हसले. म्हणाले, तुम्हीच आधी, बाळा. तर ती म्हणते, "पण मखर दाराला लागून आहे. ते निघाल्याशिवाय आम्हाला निघता येत नाही." आणि उत्तरासाठी थांबली. तक्रार नाही, कुणाचं नाव नाही. पियुष शेजारी उभा राहून म्हणाला, "काका, मी मोजायला गेलो होतो. माझा हातच जातो आत, मी नाही जात."

पोपट सांगत होता, बाया आरतीचं ताट धरून तशाच उभ्या. मग एकीनं नवऱ्याला विचारलं, "अहो, आपली सोनी तिसऱ्याच मजल्यावर बसते ना?" संपलं. बाप्पाच्या सामानाला हात कुणी लावायचा, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाचीच पोरं वर चढली. बद्रीनाथ स्वतःचे खांब स्वतः उतरवत होते. उत्तरेश्वरांनी यार्डातल्या शेठजींशी बोलून गाळ्यामागची जागा मिळवून दिली आणि मखर पाठीवरून नेलं. म्हणाले, "देवाचं हाय, हळूच घेतो." कदम सर खाली उभे राहून सूचना देत होते. त्यांची कल्पना होती असं आता ते सांगतात. श्यामरावांनीही बैठकीत अभिनंदनाचा ठराव मांडला असं ऐकलं. मांडू देत.

मला विचाराल तर अभिमान वाटला आणि काळजात कळही आली, दोन्ही एकदम. मी जन्मात केलं नसतं ते माझ्या पोरांनी केलं, आणि ते मला वगळून केलं, म्हणून जमलं. मला कळलं असतं तर मी आपल्याला लिहिलं असतं, आनंदीबाई. नक्की लिहिलं असतं. सवय होती.

आपण येऊन स्वरालीसमोर कबूल करते म्हणालात. तिला विचारलं. म्हणाली, "कशाला? जिना झाला की." तिचं मन आपल्यामाझ्यापेक्षा मोठं आहे. माझं तेवढं नाही, त्यामुळे एवढ्यात येऊ नये ही विनंती.

गेल्या महिन्याच्या मधल्या शनिवारी मी त्या तासापासून दर वेळी राहते तशी दाराबाहेर उभी राहिले, तर स्वरालीनं दार उघडलं. "बाई, या आत." मग म्हणाली, "पण एक अट आहे. मागच्या दाराला आतून कडी नको, नुसतं ढकललं की उघडेल असं दार बसवायचंय. सुतार महिनाअखेरीस येणार. तोवर कुणालाच सांगायचं नाही. तुमच्या मैत्रिणीला पण नाही."

मी हो म्हटलं.

दार काल बसलं. आज सगळी शाळा त्या जिन्यानं उतरली, मीसुद्धा, पहिल्यांदाच. आणि मग घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं. पंधरा दिवस आपल्यापासून गोष्ट लपवून ठेवायला फार जड जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं.

प्रकृतीस जपावे,
नीरजा पेंडसे